तिसरा दगड

माझी नात ऋतुजा झाली त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीसच्या डिसेंबरअखेर, मी चौसाळ्याहून हॉलंडला गेले. मुलगा प्रवीण तिकडे संगणकाच्या कामाला आहे. सून राजश्री बाळंतीण होती, तिच्याजवळ कुणीतरी हवं होतं.

माझे मालक आश्रुबा आले नाहीत. पासपोर्ट झाला होता, तरी म्हणाले, "भाड्याच्या जागंत मी येत न्हाई. तुमचं घर झालं की येतो."

घर अजून बांधून होत होतं. गावाबाहेर नवी वसाहत उठत होती, तिच्यात प्रवीणने एक घर घेतलं होतं. तोवर आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. सामान खोक्यांतच होतं. राजश्री म्हणायची, "कशाला काढायचं, आत्या? परत भरावंच लागणार." त्यामुळे कपसुद्धा खोक्यातून काढायचा आणि धुऊन खोक्यात ठेवायचा. बाहेर सारखी भुरभुर. दिवस उगवला कधी आणि मावळला कधी, कळत नसे. बाळाला तेल लावून न्हाऊ घातलं की मी खिडकीत बसायची. जन्मभर काम करून थकले नव्हते, तेवढी मी तिथे बसून थकले.

रविवारी सकाळी घराचं काम बघायला जायचं, एवढंच ठरलेलं असे. तिथूनच मी मालकांना फोन लावायची. चौसाळ्यात तेव्हा दुपार असे.

"कवर आलं घर?"

"भिताडं झाली. तुमी कवा येता?"

"चूल कुठं हाय?"

"चूल न्हाई वं, शेगडी असती हितं."

"असू दे. वारं कुठून येतंय?"

मला हसू आलं. आम्ही दोघांनी उमेदीची सगळी वर्षं ऊसतोडीत घालवली. कारखान्यावर टोळी पोचली की आधी कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, जागेसाठी धावपळ. रीत अशी की ज्याने चुलीचे तीन दगड मांडले, जागा त्याची. कोपी मागून उभी राहिली तरी चालते, मांडलेले दगड कुणी हलवत नाही. आश्रुबा दरसाल पहिल्या ट्रकने पुढे जायचे आणि वारा बघून दगड मांडायचे. मी मागून लेकरू आणि भांडी घेऊन यायची. ह्या वेळी मी पुढे आले होते. निघताना ते थट्टेने म्हणाले होते, "आता तू धर जागा. बघू जमतंय का."

फेब्रुवारीच्या शेवटी छप्पर चढलं. त्या रविवारी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, नव्या सिमेंटवर, एक काळा दगड दिसला. नारळाएवढा. त्या मुलखात दगड दिसत नाही, सगळी पांढरी वाळू आणि चिखल.

"समुद्राच्या बांधावर टाकतात असले," प्रवीण म्हणाला. "कामगारांनी आणला असंल, माय."

मलाही ते पटलं.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा दगड दोन झाले होते. एकमेकांकडे जरा तिरपे. मधलं अंतर माझ्या तव्याच्या मापाचं. पहिल्या दगडाखाली सिमेंट थोडं दबलं होतं, पण आजूबाजूला पावलाचा एकही ठसा नव्हता.

मी फोन लावला. मालकांना धाप लागली होती.

"कुठं गेलते?"

"लांब." मग म्हणाले, "त्या मागल्या खिडकीतून वारं येतंय. चुलीचं तोंड भिताडाकडं करावं लागतंय. अन् लई गार हाय गं तितं."

मागच्या खिडकीचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

प्रवीणने चौसाळ्यातल्या आमच्या शेजारच्या तानाजीला फोनवर विचारलं. तो म्हणाला, आबा घर सोडून कुठं जात नाहीत. दुपारभर ओसरीवर झोपतात, आणि उठतात ते मैलभर चालून आल्यासारखे. "जेवण तुटलंय. लई वाळलेत."

मी लगेच त्यांना फोन केला.

"ऐका, तुमी येऊ नका. मीच येते माघारी. प्रवीणला तिकीट काढाया लावते."

"आता कावून न्हाई म्हणतीस? दर आइतवारी कवा येता, कवा येता लावलंवतंस की."

"तिसरा दगड मांडू नका."

"दोन दगडावर भगुनं बसतंय व्हय, येडे?" ते हसले. हसता हसता खोकला आला. "जागा धरल्यावर सोडायची असती का? आता एकच खेप ऱ्हायली."

तिकीट पुढच्या आठवड्याचं मिळालं. पण तेवढा दम मला निघेना. त्याच दिवशी मी प्रवीणला घेऊन त्या घरी गेले. दोन्ही दगड उचलले आणि वसाहतीमागच्या कालव्यात टाकले. प्रवीणने माझे हात रुमालाने पुसले.

रविवारी आम्ही परत गेलो.

दोन्ही दगड जागेवर होते. ओले होते, त्यांना कालव्याचं शेवाळ चिकटलेलं होतं. खाली पाण्याचं थारोळं साचलं होतं.

शेजारी तिसरा.

तो कोरडा होता. मधोमध झिजून पडलेली खोबण होती. त्या खोबणीत आम्ही दोघांनी कोयते घासले होते. आमच्या दारातला, धार लावायचा दगड.

मी हात लावला. बाहेर बर्फाळ वारा होता. दगड गरम होता, भर उन्हात पडून राहिल्यासारखा.

प्रवीणच्या खिशात फोन वाजला. तानाजीचा होता.

चौसाळ्याला परत आले तेव्हा दारात दगडाच्या जागी खड्डा होता. दगड कुणी नेताना पाहिला नव्हता. खड्ड्याच्या तळाशी पांढरी वाळू होती, अजून ओली.

माझे मालक आश्रुबा दहा मार्च दोन हजार चोवीस रोजी, रविवारी भर दुपारी, ओसरीवर झोपेत गेले.