एकाच छातीवर शिकलेले हात

रंगनाथ चाकोते यांना जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि तरीही दर सोमवारी सकाळी ते सात शहरांतल्या मुलामुलींसमोर उघड्या छातीने पडलेले असत.

सोलापूरच्या ज्या वैद्यकीय महाविद्यालयात हे सुरू झालं, तिथली मुलं त्यांना 'सर' म्हणत. हयातीत ते सर होतेच, पण शाळेत, कवायतीचे. सहा फूट उंच आणि इतके किडकिडीत, की नवे पालक त्यांनाच विचारत, कवायतीचे मास्तर कुठे भेटतील? त्यांच्या बायकोने, सुलोचनाकाकूंनी, संसारभर त्यांना तूप, शेंगदाण्याचे लाडू, भाकरीवर लोण्याचा गोळा असं सगळं खाऊ घातलं. त्यांच्या अंगाला काही लागलं नाही. "तुमची हाडं मोजायला डॉक्टर कशाला, पोरंसोरं पण मोजतील," असं काकू चिडून म्हणायच्या. पुढे पोरांनी ती खरंच मोजली.

याला कारण स्पर्शबिंब. आरशातलं प्रतिबिंब दिसतं, पण हाताला लागत नाही. स्पर्शबिंबाचं उलट आहे. ते दिसत नाही, नुसतं हाताला लागतं. मिरवणुकीत ढोलाजवळ उभं राहिलं की ठोका छातीवर बसतो, कारण आवाज म्हणजे हवेचा दाब. माणसाला ऐकू न येणारे असे हजारो बारीक आवाज चारी बाजूंनी एका जागी आणले, की तिथली हवा बोटांना त्वचेसारखी अडवते. दाब वाढवला की हाडासारखी. उबेसाठी वर दिवे असतात. रिकाम्या टेबलावर हात न्यावा, तर हाताखाली माणूस श्वास घेत असतो.

असं काही करण्याची गरज पडली, कारण यंत्रं शरीराच्या आतलं सगळं दाखवू लागल्यावर डॉक्टरांनी रुग्णाला हात लावणं जवळजवळ सोडून दिलं होतं. पण वीज गेली, अपघात आडरानात झाला, की यंत्र नसतं. तिथे छातीच्या आत काय कुठे आहे, ते वरून बोटांनीच ओळखावं लागतं. गळ्याच्या खळगीतून बोट खाली आणलं, की छातीच्या मधल्या हाडावर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या शेजारी दुसरी फासळी. पहिली गळ्याच्या हाडामागे दडलेली असते, म्हणून मोजणी इथून करायची. खाली, डावीकडे, पाचव्या आणि सहाव्या फासळीच्या मधल्या फटीत बहुतेकांच्या हृदयाचं टोक आतून थाप मारत असतं. हे शिकवायला अशी छाती हवी होती, जिच्यावर काहीच लपलेलं नाही. डॉ. इरावती सोनकांबळे या स्पर्शबिंबावर काम करत होत्या. सरांना पाहताच त्यांचा शोध संपला, आणि सरांच्या हयातीतच त्यांच्या छातीचं स्पर्शबिंब नोंदवून घेतलं गेलं.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी झाली, की इरावती काकूंसाठी टेबल सुरू करून देत आणि बाहेर जाऊन बसत. काकू खुर्ची जवळ ओढून तळवा ठेवत. नोंदवलेलं सगळं मिळून अर्ध्या-पाऊण तासाचं. त्यात मधेच एकदा सगळ्या फासळ्या थरथरत. नोंदणीच्या दिवशी काकू डबा घेऊन दारात आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "नीट पडा ओ, नाहीतर पोरं चुकीची हाडं शिकतील." त्यावर सर हसले होते. ते हसू सातही शहरांतल्या मुलांच्या हातांना ठाऊक होतं. का हसले ते कोणाला ठाऊक नव्हतं.

त्या शनिवारी मात्र टेबल बंद होतं. इरावतींच्या शेजारी एक तरुण खाली मान घालून उभा होता.

"काय ओ, बिघडलं का यंत्र?" काकूंनी विचारलं.

"यंत्र ठीक आहे. माझं चुकलंय, काकू," इरावती म्हणाल्या. "हा डॉक्टर फैयाज शिकलगार. आपल्याच टेबलावर शिकला. याचं ऐका आधी."

फैयाज सांगू लागला. गेल्या महिन्यात त्याच्या तालुक्याच्या दवाखान्यात एक बाई आल्या, बुटक्या, अंगाने भरलेल्या. फुप्फुसाभोवती पाणी साठून श्वास मिळत नव्हता. यंत्र बंद पडलेलं. उजव्या कुशीच्या बाजूने, फासळ्यांच्या मधून सुई घालून पाणी काढायचं होतं. जागा जराशी खाली गेली तर फुप्फुस संपतं आणि यकृत लागतं.

"फासळ्या हाताला लागेनात," तो म्हणाला. "मला वाटलं मी मोजतोय. मी मोजत नव्हतो. हात आपोआप गेला आणि मी सुई घातली."

"कुठे गेला हात?"

"सरांच्या फासळीवर. त्या बाईंच्या अंगात तिथे यकृत होतं."

काकू खुर्चीत बसल्या. "वाचली का ती?"

"वाचल्या. पण ऑपरेशन करावं लागलं. मोठं."

"घाबरला असशील."

"हो," फैयाज म्हणाला.

"उंच, सडपातळ माणसाची छाती लांब असते," इरावती सांगू लागल्या. "फुप्फुसं खालपर्यंत येतात. हृदयही उभं लोंबतं, थाप खाली आणि मधल्या हाडाजवळ लागते. सरांचं सगळं निरोगी होतं, पण ते त्यांचं होतं. मी तेच सगळ्यांचं धरून चालले. फैयाजचं कळल्यावर मी आपल्या जुन्या मुलांना बोलावलं, डोळे बांधले आणि निरनिराळ्या माणसांच्या छातीवर हात ठेवायला लावले. बुटकी, जाडी, म्हातारी, बायका. सगळ्यांचा हात पहिल्यांदा सरांच्या जागेवर गेला. थाप तिथे नसली, तर ही मुलं लिहितात, हृदय सरकलंय. निरोगी बायकांना औषधं सुरू आहेत, काकू."

काकूंना हसू आलं, आणि आलं तसं विरलं. "म्हणजे शिकली की चुकीची हाडं."

त्यांनी बंद टेबलाकडे पाहिलं.

"मग आता?"

"सर पुसावे लागतील. सगळीकडून. पण करार तुमच्याशी आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही."

"वर्गातनं पुसा त्यांना. एवढं एक टेबल राहू दे. माझ्यापुरतं."

इरावती बोलायच्या आत फैयाज म्हणाला, "आम्ही येतो इथे, मॅडम. तुम्ही नसताना. परीक्षेच्या आधी सगळेच. मीसुद्धा आलो होतो, त्या बाईंच्या नंतर. माझा हात कुठे चुकला ते बघायला. तर इथे तो अगदी बरोबर होता."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. पोराचे हात लांबसडक होते आणि तो ते कुठे ठेवावे न कळल्यासारखा एकमेकांत गुंतवून उभा होता. तिकडे कुठेतरी ती बाई पोटावर टाके घेऊन पडली असणार, आणि तिला रंगनाथ चाकोते कोण हे कधी कळणारही नव्हतं.

"सुरू करा एकदा," काकू म्हणाल्या. "आणि बाहेर नका जाऊ. बसा."

त्यांनी तळवा ठेवला. ऊब आली, मग हाडं, मग थाप. त्या काही पुटपुटल्या नाहीत, डोळेही मिटले नाहीत. हसू आलं, तळव्याखालून गेलं. त्यानंतरही त्या थोडा वेळ बसून राहिल्या. मग हात काढून पदराला पुसला, जणू पीठ लागलं होतं.

"पुसा."

इरावतींनी कळ दाबली, तेव्हा खोलीत काहीच बदललं नाही. दिसत तर आधीही काही नव्हतं.

"नव्याने शिकवायचं तर पुष्कळ छात्या लागतील," वरचे दिवे मालवत इरावती म्हणाल्या. "रोज निराळी. आणि सगळ्यात आधी अशी, जिच्यावर सहजासहजी काही सापडत नाही. काकू, तुम्ही द्याल?"

"माझी?" काकूंनी स्वतःकडे खाली पाहिलं. "चाळीस वर्षं त्यांना वाढलेलं तूप शेवटी मलाच लागलं म्हणायचं."

पुढच्या आठवड्यात त्या त्याच टेबलावर चादर पांघरून पडल्या. नोंदणीआधी एका डॉक्टरने हाताने जागा शोधून खूण करायची असते. इरावती उशाशी उभ्या राहिल्या. खूण फैयाजने करावी, असं काकूंनीच सुचवलं होतं. त्याने हात चोळून गरम केले, गळ्याच्या खळगीत बोट ठेवलं, उंचवटा शोधला. दुसरी फासळी लागली, तिसरी कशीबशी. पुढे सगळं मऊ झालं. बोट क्षणभर अडलं आणि मग सरसर खाली, मधल्या हाडाच्या अंगाला गेलं.

"तिथे नाही रे," काकू म्हणाल्या. "ते त्यांचं. माझं वर, बाहेरच्या बाजूला."

"सॉरी, काकू."

"टेबल पुसता येतं," इरावती हळूच म्हणाल्या. "हात नाही येत. कितीतरी हजार झाले आता. महाराष्ट्रभर. ही मुलं म्हातारी होईपर्यंत रोज कुणाच्या ना कुणाच्या छातीवर सरांना शोधत राहणार."

काकू छताकडे पाहत राहिल्या. कुठल्या कुठल्या गावांत, अनोळखी बायाबापड्यांच्या अंगावर, ते नसताना त्यांची जागा चाचपली जात होती. हे भयंकर होतं, हे त्यांना कळत होतं.

फैयाजने पुन्हा सुरुवात केली. या वेळी तो फार सावकाश जात होता, ओठ हलवत मोजत होता. मऊ भाग आला. बोट थांबलं, वळलं, आणि त्याच्या नकळत पुन्हा सरांच्याच जागेवर जाऊन टेकलं.

काकूंना ते कळलं. सांगायला हवं होतं. त्यांनी एक श्वास घेतला, मग आणखी एक, आणि ते बोट तिथेच राहू दिलं.