आवाज नंतर भरू

"डाव्या हातातली एक बांगडी फुटकी आहे," तो म्हणाला, आणि तेही माझ्या हाताकडे न बघता.

मी बघितलं. डझनभर हिरव्या बांगड्यांमधली एक खरंच तडकली होती. कानांवर हेडफोन, गळ्यात रेकॉर्डिंगची काळी पेटी आणि डोळे चक्क मिटलेले... माझ्या ओढणीला माईक लावायला आलेला हा माणूस मला पहिल्या भेटीतच आगाऊ वाटला. मी तसं पुटपुटलेही. माईक लावून झालाय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"आगाऊ नाही, साउंडवाला," तो डोळे उघडून म्हणाला. "भैरवनाथ."

मी इंजिनिअर मुलगी, अवसरीच्या कॉलेजातून चांगल्या मार्कांनी पास झालेली, पण त्या क्षणी मला स्वतःचं नाव सांगायला सुचेना. शेवटी त्यानेच कागदावर वाचलं... तेजस्विनी, गाव डिंगोरे.

'मळ्यातलं स्वयंवर' नावाचा तो शो होता. पाच मुली, पाच मुलगे, खोडदच्या अलीकडे द्राक्षबागेतलं एक कृषी पर्यटन केंद्र आणि बारा दिवस. रोज संध्याकाळी त्याचा भाग मोबाइलवर यायचा. शेवटच्या दिवशी मुलीने आपल्या पसंतीच्या मुलाचं नाव घेऊन त्याच्या हातात नारळ द्यायचा. माझा फॉर्म मैत्रिणीने गमतीत भरला होता, आणि मीही गमतीतच आले होते.

शोवाल्यांना हा सगळा खेळ वाटत होता. आमच्या गावाला मात्र तो सरळ मुलगी पाहण्याचा कार्यक्रम वाटला. तिसऱ्या दिवशी माझी जोडी आदेशबरोबर लागली आणि चौथ्या दिवशी त्याची आई लाडवांचा डबा घेऊन आमच्या ओट्यावर हजर. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला चहा पाजला आणि सांगून टाकलं, की पोरीने कॅमेऱ्यापुढे आदेशचं नाव घेतलं की महाशिवरात्रीच्या आत साखरपुडा उरकू. बाकीच्या चौघी बारा दिवसांनी घरी जाणार होत्या. मी जाणार होते सासरी.

आदेश वाईट नव्हता हो. टोमॅटोची बाग स्वतः उभी केलेली, मनाने मोकळा, फक्त कॅमेरा दिसला की छाती दोन इंच पुढे यायची. त्याच्याशी बोलायला काहीच त्रास नव्हता. त्रास वेगळाच होता... मी बोलायची आदेशशी, आणि ऐकायचा भैरवनाथ.

पौषातल्या सकाळी मळ्यावर धुकं असं बसायचं, की द्राक्षाच्या ओळीत चार पावलांपुढचं माणूस दिसू नये. त्या धुक्यातून तो यायचा. माईकची थंडगार क्लिप आधी मुठीत धरून ऊब द्यायचा, मग ओढणीला लावायचा. हे तो सगळ्यांसाठी करतो असं मी दोन दिवस धरून चालले. मग एकदा मुद्दाम बाकीच्या मुलींना विचारलं. नव्हता करत.

मला सर्दी होणार हे त्याला माझ्याआधी कळलं. "घसा बसायला लागलाय. काल दही खाल्लं का?" असं विचारून त्याने आल्याचा तुकडा आणि गुळाचा खडा हातावर ठेवला. त्याचे वडील, नवसू, अजूनही मेंढरं घेऊन हिंडत होते. लहानपणी हा कळपाच्या मागे चालायचा, आणि कुठलं मेंढरू मागे राहिलं ते नुसत्या घंटेवरून सांगायचा. तोच कान पुढे पुण्यात कामाला आला.

"मग माझं काय कळतं त्या कानाला?" मी एकदा विचारलं. खोटं कशाला सांगू, जरा लाडातच विचारलं.

तो क्लिप लावता लावता थांबला. "तुम्ही मागं राहता. सगळे हसून झाले की मग हसता. ...आदेशभाऊंच्या विनोदाला तर लईच मागं."

मी हसले. अजिबात मागे न राहता हसले, आणि तिथेच माझं मला कळून चुकलं. प्रेमात पडले होते मी. आबांनी शब्द दिलेल्या मुलाच्या नाही, त्याच्याशी बोललेलं ऐकणाऱ्याच्या.

अकराव्या दिवशी उज्ज्वला मॅडमना, आमच्या डायरेक्टरना, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या हव्याशा वाटल्या. धुक्यात उभ्या असलेल्या त्या अवाढव्य अँटेना, पुढे कांद्याची हिरवी वावरं, आणि त्यातून चालत येणारं जोडपं. पसंतीचा मुख्य प्रसंग तिथेच घ्यायचा असं ठरलं. सगळा लवाजमा जाऊन उभा राहिला. एवढ्यात दुर्बिणीवर नोकरीला असलेले सावळेराम नावाचे गृहस्थ मोटारसायकलवरून आले आणि त्यांनी अगदी नम्रपणे सांगितलं, "पावणं, हे बिनतारी माईक हितं चालत न्हाईत. तबकड्या लई लांबचं बारीक ऐकत असत्यात. तुमचं मधीच घुसतं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, माईक काढा, लांबून नुसतं चित्र घेऊ. तुम्ही दोघं चालत या, ओठ हलू द्या, काहीही बोला. आवाज नंतर भरू.

भैरवनाथने माझा माईक काढला, हेडफोन उतरवले आणि बांधावर जाऊन बसला. त्याचे उघडे कान मी पहिल्यांदा बघितले. थंडीने लाल झाले होते.

मी आणि आदेश कांद्यातून चालू लागलो. कॅमेरा पार तिकडच्या बांधावर, धुक्यात अर्धा बुडालेला.

"बोल काहीतरी," आदेश म्हणाला. "ओठ हालाया पायजेत."

"काय बोलू?"

"खरं बोल. हितं कोण ऐकतंय?"

अकरा दिवसांत पहिल्यांदाच कुणी ऐकत नव्हतं. मी बोलून गेले. "मला भैरवनाथ आवडतो, आदेश. तू चांगला आहेस, पण मला भैरवनाथच आवडतो."

तो चालतच राहिला. छाती मात्र उतरली. वाफा ओलांडता ओलांडता म्हणाला, "मला ठावं व्हतं. बोलतीस माझ्याशी आन् बघतीस त्याच्या पेटीकडं." मग जरा थांबून, "माझी आई लाडू वाटून बसलीय. मी काय न्हाई म्हणनार न्हाई. म्हणायचं तर तूच म्हण. पण उद्या नाव घेतलंस, तर मंग माघारी फिरू नको."

त्याचा राग नाही आला मला. बरोबरच होतं त्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज भरायचा होता. भिंतींना गोधड्या टांगलेली एक खोली, टेबलावर स्क्रीन, समोर माईक. माझ्या हातात लिहिलेला कागद... 'आदेश, मला तू आवडतोस. हा नारळ तुझाच.' एवढं एकदा म्हटलं की संपलं. संध्याकाळी ते गावभर वाजणार, आणि आबा पंचांग काढणार.

मी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा भैरवनाथने मान हलवली. "ओठांवर बसत नाही."

"का बसत नाही?" मॅडम वैतागल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पाच मिनिटांत उरका, असं सांगून त्या बाहेर गेल्या.

खोलीत आम्ही दोघंच. स्क्रीनवर धुकं, कांदे आणि कॅमेऱ्याने जवळ ओढलेली, नुसते ओठ हलवणारी मी.

"काल हे अकरा वेळा बघितलं," तो म्हणाला. "आजवर नुसतं ऐकत आलो. बघून समजायची सवय नाही मला. म्हणून माझं मलाच खरं वाटेना."

"काय दिसलं?"

"...माझं नाव."

मला वर बघवेना. गोधड्यांनी बाहेरचा सगळा आवाज खाल्ला होता, फक्त माझ्या बांगड्या किणकिणत होत्या.

"तुम्ही कागदावरचं म्हणा," तो हळूच म्हणाला. "आदेशभाऊंचं नाव तुमच्या ओठांवर बसवता येतं मला. थोडं मागंपुढं सरकवावं लागतं. कुणाला कळायचं नाही. कामच आहे ते माझं."

"आणि तुला चालेल ते?"

पहिल्यांदाच मी त्याला अरे-तुरे केलं. त्याची नुसती नकारार्थी मान हलली, अगदी बारीकशी.

मी कागद पालथा ठेवला. "रेकॉर्ड कर," म्हटलं, आणि कांद्याच्या वावरात जे बोलले होते तेच शब्दाला शब्द बोलले. पहिल्या खेपेलाच बसलं. भैरवनाथने पेटीकडे बघितलंच नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"हे घरी म्हणशील?" त्याने विचारलं. "आमचं घर मेंढरांचं. तुमचं बागायतदाराचं. आधी नीट विचार कर."

"अकरा दिवस तोच करत होते."

उज्ज्वला मॅडम परत आल्या, त्यांनी ते ऐकलं आणि खुर्चीत बसल्या. रागावल्या, मग म्हणाल्या की आदेशचं हसं होईल असं मी काही दाखवणार नाही, तू नारळ कुणालाच दिला नाहीस एवढंच दाखवते. आणि भैरवनाथला म्हणाल्या, उद्यापासून येऊ नकोस. त्याने हेडफोन गुंडाळून टेबलावर ठेवले.

त्याच्या मोटारसायकलवर आम्ही डिंगोऱ्याला पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आबा कांद्याला पाणी द्यायला दारं धरत होते. मी चप्पल बांधावर काढली, चिखलात उतरले आणि उभ्या उभ्याच सांगितलं... आदेशचं नाव घेतलं नाही. घेणार नाही. मला हा आवडतो.

आबांनी खोऱ्यावर हात टेकले. "कुणाचा रं तू?"

"नवसूचा."

"आमच्या वावरात खताला मेंढरं बसवतो, त्यो नवसू?"

"व्हय."

वाफा भरून पाणी वरंब्यावरून सांडायला लागलं. मग आबांनी मान वळवून विहिरीच्या मागे बघितलं, आंब्याखाली बघितलं, बांधापलीकडे बघितलं.

"कॅमेरा कुठं लावलाय?"

"नाही आणला, आबा."

"तुमचं ते माईक-बिईक?"

"काही नाही."

"मंग खरंच म्हणतीस," आबा म्हणाले. वाकून त्यांनी पाणी दुसऱ्या वाफ्याला वळवलं आणि खोरं माझ्या हातात दिलं. "एवढं भरून घे, मंग त्याला घेऊन घरी ये. मी जरा आदेशच्या आईकडं जाऊन येतो. दिलेला शब्द मलाच माघारी आणाया लागंल."