चार टक्के अंधार

आकडे फार स्वच्छ होते, आणि डॉ. मोरेश्वर हुद्दारांना स्वच्छ आकड्यांचा राग होता. ताऱ्यांचं तेज मोजण्यात हयात घालवलेल्या माणसाला एवढं कळतंच की खरा तारा कुणाचं ऐकत नाही. त्याचं मोजमाप आज जरा वर, उद्या जरा खाली. ज्याचे आकडे रांगेत उभे राहून सलाम ठोकतात, त्याच्याकडे कुठेतरी पाणी मुरतंय असं खुशाल समजावं. हुद्दार असं अनेकांच्या बाबतीत समजले होते आणि बहुतेक वेळा बरोबर ठरले होते, त्यामुळे त्यांचा हा स्वभाव सुधारण्याची आता आशा उरली नव्हती.

म्हणूनच चौकशी समितीने त्यांना चंद्रावर धाडलं होतं. चंद्राच्या पाठीमागच्या अंगाला, जिथून पृथ्वी कधीच दिसत नाही, तिथे पार्श्वचंद्र वेधशाळा होती. ती एकटीने सांभाळत होती डॉ. केतकी भुसारी. मूळची परतवाड्याची, वय पस्तिशीच्या आतबाहेर, आणि एकेकाळची हुद्दारांचीच विद्यार्थिनी. तिने पृथ्वीला कळवलं होतं की एका तारकागुच्छातले तीनशेच्या तीनशे तारे एकाच दिवशी चार टक्क्यांनी मंद झाले आणि तसेच राहिले. जगातल्या दुसऱ्या कुठल्याच वेधशाळेला यातलं काही दिसलं नव्हतं. आकडे बनावट निघाले तर केतकीची पदवी जाणार होती, नोकरी जाणार होती आणि पुन्हा कुठल्याही दुर्बिणीजवळ तिला कुणी उभं केलं नसतं. गुरू आहेत म्हणजे जरा सांभाळून घेतील, असं समितीतल्या काही जणांना वाटलं. हुद्दारांना ओळखणारे त्यावर नुसतेच हसले.

"डॉ. भुसारी," हुद्दार म्हणाले. विद्यार्थिनीला ते मुद्दाम अहो-जाहो करत होते. "हे तारे मंद झालेत, तर ते इतर कुणाला का दिसत नाहीत?"

"कारण बाकी सगळे ताऱ्याशी तारा ताडून बघतात, सर. शेजाऱ्याच्या मानाने हा किती तेजस्वी, एवढंच मोजतात. अख्ख्या गुच्छाचं तेज एकदम उतरलं तर त्यांचा संगणक म्हणतो, हवेत धूळ असेल, आरसा मळला असेल. मग तो आपणहून तेवढी भर घालतो आणि मोकळा होतो."

"सार्वत्रिक दुरुस्ती. मीच शिकवली तुम्हाला."

"इथे ती लागत नाही. इथे हवाच नाही. आणि समोरच्या विवराच्या काठावर प्रमाणदीप आहे. त्याचा उजेड नेमका किती, ते आपल्याला ठाऊक आहे. मी तारा दिव्याशी ताडते."

"मग दिवा बिघडला असेल."

"बिघडला तर आधी त्याचा रंग बदलेल. तुम्ही रंग बघा ना."

हुद्दारांनी रंग कालच बघितले होते. दुर्बिणीपुढे निळी, हिरवी, तांबडी अशा रंगगाळण्या फिरत असत आणि प्रत्येक रंगातलं तेज वेगळं मोजलं जाई. या प्रत्येक रंगात तेज चारच टक्के कमी होतं. कुठे सव्वाचार नाही की पावणेचार नाही. हुद्दारांनी खुर्ची पुढे ओढली.

"तिथेच तर सापडलात तुम्ही. मधे धूळ आली तर ती निळा उजेड जास्त अडवते, तांबडा कमी. म्हणून मावळता सूर्य लाल दिसतो. तारा थंडावला तर तांबूस होतो. दिवा, आरसा, भिंग, जे बिघडतं ते रंग बघून बिघडतं. सगळ्या रंगांतून सरसकट सारखा वाटा कापणारी एकच गोष्ट मला ठाऊक आहे. संगणकापुढे बसून सगळ्याला एकाच आकड्याने गुणणारा माणूस!"

केतकीचा चेहरा उतरला. पण ती उठली नाही.

"मलाही आधी असंच वाटलं, सर. कुणीतरी माझ्या यंत्रात हात घातला असं वाटलं. पण इथे माझ्याशिवाय आहे कोण?"

"तेच म्हणतोय मी," हुद्दार म्हणाले आणि आपल्या खोलीत निघून गेले.

तिला रंगेहाथ पकडायचा एक रस्ता त्यांना सुचला होता. आरसा मळला, हवा गढुळली म्हणून प्रत्येक वेधशाळा जी भर घालते, ती कुणीच जपून ठेवण्यासारखी मानत नाही. स्वयंपाकात भाजीची सालं टाकावीत तशी ती टाकून द्यायची वस्तू. हुद्दारांनी उपग्रहामार्फत रेडिओवरून तीन वेधशाळांना तेवढंच विचारलं, की या गुच्छासाठी तुमची सार्वत्रिक दुरुस्ती सध्या किती येते? एक लडाखची, एक दक्षिण अमेरिकेतल्या वाळवंटातली आणि एक अंतराळात फिरणारी दुर्बीण. तिघांची हवा वेगळी, आरसे वेगळे. तीन उत्तरं तीन तऱ्हांची आली की केतकीचं नाटक संपणार होतं.

लडाखहून उत्तर आलं की चार टक्के, धूळ फार आहे सध्या. वाळवंटातून आलं की चार टक्के, आरसा धुवायला झालाय. अंतराळातल्या दुर्बिणीला धूळ लागत नाही, तरी तिच्या लोकांनी कळवलं की चार टक्के, आरशाचा मुलामा जुना झाला असावा. तिघांचा हा त्रास एकाच दिवशी सुरू झाला होता आणि आकाशाच्या तेवढ्याच तुकड्यापुरता होता. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

हुद्दारांनी ती उत्तरं दोनदा वाचली. मग ते जेवणघरात गेले. केतकी पाकिटातलं पिठलं गरम करत होती. तिने त्यांच्यासाठीही ताटली घेतली, आणि हुद्दारांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"अगं केतकी," ते म्हणाले. अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं. "रंग न बघता कापतं असं काय असतं?"

तिने पिठल्याचा चमचा तसाच हातात धरला. "तुम्हाला पटलं, सर?"

"तिघांनीही तुझेच चार टक्के केरात टाकलेत. सांग, काय असतं?"

"जाळी. खिडकीला डासांची जाळी लावली की खोलीतला उजेड कमी होतो, पण तो निळा होत नाही की तांबडा होत नाही. भोकातून येतो तो सगळा येतो, तारेवर अडतो तो सगळा अडतो. धुळीचा कण प्रकाशाच्या लहरीएवढा बारीक असतो, म्हणून तो रंगारंगांत भेद करतो. तार त्यामानाने अवाढव्य. तिला भेद कळतच नाही."

"आणि ती जाळी गुच्छाजवळ आहे?"

"शक्य नाही. गुच्छाच्या एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला पोचायला प्रकाशाला वर्षानुवर्षं लागतात. तीनशे तारे एकाच दिवशी मंद झाले, म्हणजे जे काही आडवं आलंय ते त्यांच्याजवळ नाही, आपल्याजवळ आहे. आपल्या अंगणात."

हुद्दारांनी ताटली बाजूला सारली. भूक मेली होती.

"निसर्ग सरसकट कापत नाही, हे मी सकाळी म्हणालो. ते मी मागे घेत नाही. यात हात आहेच कुणाचा तरी. तो तुझा नाही, एवढंच." ते म्हणाले. "आणि जाळीआड बसलेल्याला आपण दिसतो, तो आपल्याला दिसत नाही. रंग जसाच्या तसा राखला म्हणजे ताऱ्याशी तारा ताडणाऱ्याला कधीच पत्ता लागणार नाही. आपण कसं मोजतो, हे ठाऊक आहे त्यांना."

ते तडक रेडिओपाशी गेले. समितीच्या अध्यक्ष पेंढारकरबाई पृथ्वीवर होत्या. हुद्दारांनी त्यांना स्पष्ट मराठीत सांगितलं की केतकी भुसारी निर्दोष आहे, गुच्छासमोर कुणीतरी बांधलेली जाळी आहे, आणि ती आपल्या सूर्यमालेच्या आसपास आहे.

"हुद्दार, प्रवासाचा शीण झालाय का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

अकरा तासांनी दुर्बिणीची सूचनाघंटा वाजली. गुच्छ पुन्हा लख्ख झाला होता. निळा, हिरवा, तांबडा, सगळे रंग पूर्वीच्या जागी, चार टक्क्यांचा मागमूस नाही. केतकीने ते आकडे पृथ्वीकडे पाठवले, तिला ते पाठवणं भागच होतं. थोड्याच वेळात पेंढारकरबाईंचा आवाज आला आणि त्यात आता काळजी नव्हती.

"बघितलंत ना? तुम्ही तिथे पोचलात, मुलगी घाबरली आणि आकडे गुमान जागेवर आले. तुम्हालाही गुंडाळलं हो तिने."

हुद्दारांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. यंत्राजवळ केतकी एकटीच होती. तीन वेधशाळांत तिचे मित्र नसतील कशावरून? आपण नेमकं काय विचारणार हे तिला कळलं नसेल कशावरून? त्यांनी मान वर केली, तर केतकी त्यांच्याकडेच बघत होती.

"पुन्हा तसंच बघताय तुम्ही माझ्याकडे," ती म्हणाली.

तेवढ्यात लडाखचा निरोप आला. 'सर, तुम्ही विचारली होती ती दुरुस्ती आज एकदम शून्यावर आली. धुळीचं वादळ तर चालूच आहे. गंमत आहे.' मग वाळवंटाचा आला. त्यांचा आरसा न धुताच स्वच्छ झाला होता. दोघांनाही मजा वाटली होती आणि दोघेही आपापल्या कामाला लागले होते.

"चुकलो," हुद्दार म्हणाले. "दोनदा चुकलो. एवढ्या ठिकाणी एका क्षणी हात घालणं कुणा माणसाला शक्य नाही."

केतकीचं लक्ष नव्हतं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"तुम्ही रेडिओवर बोललात, त्याला अकरा तास झाल्यावर तारे उजळले. तुमचं बोलणं प्रकाशाच्याच वेगाने गेलं, साडेपाच तास. तिथे जाळी गुंडाळली गेली. ती गुंडाळल्याचा उजेड परत आला, साडेपाच तास. सर, प्लूटो साधारण तेवढ्याच अंतरावर आहे."

"म्हणजे..."

"म्हणजे त्यांना मराठी कळतं."

हुद्दार हसायला गेले आणि मधेच थांबले. ते उठून रेडिओकडे निघाले. सगळ्या जगातले आरसे एका क्षणात नवे होत नाहीत. केतकीला सोडवायला यापेक्षा मोठा पुरावा कुठे मिळणार होता? त्यांनी बटणाला हात लावला, तोच केतकीने त्यांचं मनगट धरलं.

"काय सांगणार आहात?"

"खरं काय ते."

"पेंढारकरबाई ऐकतील, आणि तेही ऐकतील. जाळी पसरलेली होती तेव्हा निदान ती आहे एवढं कळत होतं. किती मोठी आहे, कुठे सरकतेय, हे मोजता येत होतं. आता काय मोजणार? माझ्या आकड्यांवर कुणाचा विश्वास नव्हता तोवर ती तशीच होती; तुम्ही जाळीचं नाव घेतलंत आणि आपल्याला कळलंय हे कळलं म्हणून त्यांनी ती मिटली. आपल्याला कळलेलं नाही असं त्यांना वाटलं, तर ती पुन्हा पसरतील."

"आणि तसं वाटायला काय करायचं?"

केतकीने त्यांचं मनगट सोडलं. "तुम्ही जो निकाल द्यायला आला होतात, तो द्या."

हुद्दारांनी बटणावरचा हात काढला. आयुष्यभर खोटे आकडे पकडले, आणि आता खऱ्या आकड्यांना आपल्याच तोंडाने खोटं म्हणायचं, तेही या पोरीचा बळी देऊन. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"मी पृथ्वीवर परतलो की समोर बसून सांगेन सगळ्यांना. रेडिओवर नाही, कानात."

"चार माणसांना सांगा, सर. ज्यांना मोजता येतं आणि गप्पही बसता येतं. बाकीच्यांना नको."

"तुझ्या आईला तरी?"

केतकी हसली. "आईला सांगितलंत तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या परतवाड्याला कळेल. मग ते रेडिओवरही येईल. नको. आईलाही नको."

निकाल तिनेच लिहायला मदत केली. हुद्दारांनी 'मोजमापातली चूक' असं लिहिलं होतं. तिने ते खोडून 'हेतुपुरस्सर फसवणूक' करायला लावलं. कालचं आपलं बोलणं तिच्या थापांना बळी पडून केलं होतं, जाळीबिळी काही नाही, हे वाक्यही तिचंच. दुर्बीण बंद न करता नवा माणूस येईपर्यंत हुद्दारांच्या ताब्यात ठेवावी आणि केतकी भुसारीला पहिल्या यानाने परत पाठवावं, एवढी एक ओळ मात्र हुद्दारांनी स्वतः घातली. मग त्यांनी तो निकाल रेडिओवर मोठ्याने, सावकाश वाचला. केतकी शेजारी हाताची घडी घालून उभी होती.

"शाबास हुद्दार," पेंढारकरबाई म्हणाल्या. "तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. मला खात्री होतीच."

अकरा तास दोघं पडद्यासमोर बसून राहिले. मधे एकदा केतकीने चहा केला. तिच्या जागी इथे कुणाला आणावं, याबद्दल थोडं बोलणं झालं. तिने दोन नावं सुचवली आणि दोघांचेही गुणदोष नीट सांगितले.

मग घंटा वाजली. केतकीने सवयीप्रमाणे आकडे मोठ्याने वाचले. निळा, चार टक्के कमी. हिरवा, चार टक्के कमी. तांबडा, चार टक्के कमी.

"बसला, सर," ती म्हणाली. "विश्वास बसला त्यांचा."

आणि मग तिला रडू कोसळलं, कारण तो सगळ्यांचाच बसला होता.