तुमची तुम्हाला

नगरला सावेडीतल्या जुन्या गाड्यांच्या मंडळात एका गोष्टीवर वाद घालायची सोय नव्हती. सहलीला निघताना पुढे कोणाची गाडी, हे आबासाहेब ठरवत. आबासाहेब मंडळाचे अध्यक्ष, पांढऱ्या अ‍ॅम्बॅसडरचे मालक. रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला गाड्या लागल्या की ते हातात लाल निशाण घेऊन ओळीने फिरायचे. बॉनेटवर हात ठेवायचे, काचेतून आत वाकून बघायचे आणि मनाला येईल त्या गाडीच्या बंपरला निशाण बांधून मोकळे व्हायचे. केडगावच्या पुढे मिसळ खायला जायचं असो की दिवसभराची सहल असो, निशाणाची गाडी पुढे आणि बाकीच्या मागे.

बरीच वर्षं हे निशाण सूर्यभानरावांच्या आकाशी फियाटलाच बांधलं जायचं. इतकं ठरलेलं, की आबासाहेब बाकीच्या गाड्या नुसतं दाखवायला बघतात, अशी चेष्टा चालायची. सूर्यभानराव त्यावर गालात हसायचे. ते साखर कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. यंत्राचा आवाज बदलला तर त्याला कारण असतंच, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास.

तशी गाडी काही कोरी करकरीत नव्हती. मागच्या मडगार्डला उसाच्या ट्रॉलीने दिलेला पोचा होता. पुढच्या सीटवर पत्नी पुष्पावतीबाईंच्या हातून उदबत्ती पडून झालेलं भोक होतं. मागच्या दाराला आतून, मुलीने लहानपणी कंपासच्या टोकाने कोरलेलं नाव होतं: मोनिका. त्या दिवशी मोनिकाने मार खाल्ला होता. आता ती नाशिकला संसारात होती, आणि मागच्या सीटवर पिशवी ठेवताना पुष्पावतीबाई त्या अक्षरांवरून बोट फिरवल्याशिवाय दार लावत नसत. हॉर्नचीही एक तऱ्हा होती. आधी खोकायचा, मग वाजायचा.

मग मंडळात बिभीषण आला.

तो जामखेडपलीकडच्या खर्डा गावचा, रविवारपुरता गाडी घेऊन नगरला येणारा. जमीन-जुमला चांगला, बायको लग्नानंतर लवकरच वारलेली, मूलबाळ नाही. त्याच्याकडेही फियाटच, तीही आकाशी. पण ती अशी, की पत्र्यात बघून भांग पाडावा. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा त्याने काढलं नव्हतं. पहिल्याच रविवारी आबासाहेब त्या गाडीपाशी थांबले, दोनदा फेरी मारून आले आणि वाकून निशाण बांधू लागले.

सूर्यभानरावांच्या पोटात दुखलं. याला दुसरा शब्द नाही. वयाला शोभत नव्हतं, पण दुखलं. आपल्या गाडीचा पोचा त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा लाज आणणारा वाटला. वर हा बिभीषण इतका गोड, की धड रागावताही येईना.

"भाऊ, तुमची गाडी लई भरल्यावानी वाटती," तो मिसळीच्या टेबलावर म्हणाला होता. "माझी नुसती चकचकीत हाय."

सूर्यभानरावांना तो टोमणा वाटला.

दसऱ्याला मंडळात गाड्यांची पूजा व्हायची आणि पूजेनंतर चावीपालट. कोणी सुरू केली कोण जाणे, पण सगळे हौसेने पाळायचे. दोघा-दोघांनी गाड्या बदलायच्या, केडगावपर्यंत फेरी मारायची आणि परत यायचं. चावी घेताना म्हणायचं, "आजपुरती माझी." परत देताना म्हणायचं, "तुमची तुम्हाला." हे दोन्ही म्हटल्याशिवाय आबासाहेब कोणाला पेढा देत नसत.

त्या दसऱ्याला सूर्यभानरावांच्या वाट्याला बिभीषणची गाडी आली. दार लावलं तर जाड पुस्तक मिटल्यासारखा आवाज आला. गिअर लोण्यातून गेल्यासारखा पडला. झेंडूची माळ बॉनेटवर डुलत होती आणि रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. केडगावपर्यंत जाऊन येताना त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली, की ही आपली असती तर.

मैदानावर बिभीषणने आधी त्यांची चावी त्यांच्या हातात ठेवली. "तुमची तुम्हाला, भाऊ."

सूर्यभानरावांनीही चावी पुढे केली. शब्द जिभेवर आले होते. ते त्यांनी गिळले. खिशातून आपट्याचं पान काढलं, चावीबरोबर बिभीषणच्या हातात दिलं आणि म्हणाले, "सोनं घ्या." सणाचा दिवस, आबासाहेब पेढ्यांचा पुडा सोडण्यात गुंतलेले. कोणाच्या लक्षात आलं नाही. सूर्यभानरावांच्या मात्र पक्कं लक्षात होतं. म्हटलं नाही तर नाही, एवढंच सुख त्यांनी घरी नेलं.

दिवाळी झाल्यावर गाडी धुताना त्यांचा हात मडगार्डवरून सरळ गेला. पोचा नव्हता. त्यांनी उन्हाच्या कडेने तिरकं बघितलं, बोटांनी चाचपलं. पत्रा तापून कधीकधी आपसूक वर येतो, असं स्वतःला सांगितलं. कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस असा सहजी घाबरत नाही. पुढे काही दिवसांनी सीटवरचं भोक दिसेना.

"सीटचं कापड बदललंत का हो?" पुष्पावतीबाईंनी विचारलं.

ते हो म्हणाले. खोटं बोलायला फार कष्ट पडले नाहीत, कारण गाडी दिवसेंदिवस देखणी होत चालली होती. रंगावर आतून उजेड असल्यासारखी झळाळी आली होती. हॉर्नचा खोकला गेला होता. आपण काही केलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण मिळत असेल तर का विचारा?

डोंगरगणच्या सहलीला आबासाहेबांनी निशाण पुन्हा त्यांच्या गाडीला बांधलं. सूर्यभानरावांनी लगेच मागे वळून बिभीषणचं तोंड बघितलं. मग त्याची गाडी बघितली. तिच्या मागच्या मडगार्डला पोचा होता.

कुठे ठोकलीत, असं त्यांनी जवळजवळ आनंदानेच विचारलं.

"कुठंच न्हाई," बिभीषण म्हणाला. "सकाळी उठून बघितलं, तर हुतं."

पोच्याचा आकार उसाच्या ट्रॉलीच्या कोपऱ्याचा होता. सूर्यभानरावांनी तो ओळखला, आणि पुन्हा तिकडे बघितलं नाही.

त्या दिवसापासून पुष्पावतीबाईंची कुरकुर सुरू झाली. गाडीत पाय गार पडतात. पाठ टेकवत नाही. वास येतो, दुकानात ठेवलेल्या वस्तूचा. त्याच दिवशी परतीच्या वाटेवर चहाला थांबले तेव्हा त्या सहज बिभीषणच्या गाडीत जाऊन बसल्या आणि तिथेच राहिल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, त्यांच्या गाडीत कसं बरं वाटतं, डोळाच लागला माझा. सूर्यभानराव त्या रात्री जेवले नाहीत. निशाण मिळालं, तरी पोटातलं दुखणं तसंच होतं. फक्त जागा बदलून बसलं होतं.

संक्रांतीनंतर एका दुपारी बिभीषण सावेडीला घरी आला. चहा नको म्हणाला. फाटकाबाहेर लावलेल्या गाडीकडे त्यांना घेऊन गेला आणि त्याने मागचं दार उघडलं.

दाराला आतून कंपासच्या टोकाने कोरलेलं होतं: मोनिका. 'का'चा काना खाली ओढलेला, कारण तेवढ्यात गाडीला धक्का बसला होता.

"ह्या गाडीत कधी कुणाचं पोर बसलं न्हाई, भाऊ," बिभीषण म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "दसऱ्याला तुमचं म्हणायचं राह्यलं. तेवढं म्हणून टाका."

दोन शब्दांचं काम होतं. सूर्यभानरावांनी मागे वळून पोर्चमधल्या आपल्या गाडीकडे बघितलं. दुपारच्या उन्हात ती लखलखत होती. पाडव्यानंतरची मोठी सहल खर्ड्याच्या किल्ल्यावर ठरली होती, याच माणसाच्या गावात, आणि तिथे सगळ्यांच्या पुढे निशाण लावून शिरायचं चित्र त्यांनी कितीदा तरी मनात रंगवलं होतं.

"मी म्हटलं होतं," ते म्हणाले. "तुमच्या लक्षात नसेल."

बिभीषणने गाडीचं मागचं दार लावून घेतलं. मग बरं म्हणाला आणि निघाला. कोपऱ्यावर त्याचा हॉर्न ऐकू आला. आधी खोकला, मग वाजला.

"अहो," आतून पुष्पावतीबाईंनी हाक मारली, "न सांगता गाडी घेऊन कुठे निघालात?"

सूर्यभानराव फाटकाशी उभे होते. त्यांनी ओ दिली. ती आत पोचली नसावी.

खर्ड्याच्या सहलीला निशाण त्यांच्याच बंपरला होतं. पुष्पावतीबाई मागे, बिभीषणच्या गाडीत बसल्या. कुठे बसता, हे त्यांना विचारणंही आता बंद झालं होतं. सूर्यभानराव एकटेच पुढे. नगर मागे पडलं, आष्टीकडची उघडी माळरानं सुरू झाली, जामखेड आलं. शेजारच्या सीटवर प्लास्टिक चकाकत होतं. ते आपण कधी घातलं, हे त्यांना आठवेना. आरशात मागची गाडी दिसत होती. पुष्पावतीबाई काहीतरी सांगत होत्या, आणि बिभीषण, सूर्यभानराव हलवायचे तशी, ऐकतोय न ऐकतोय अशी मान हलवत होता. त्या हसल्या. असं हसलेलं त्यांनी किती दिवसांत बघितलं नव्हतं.

मत्सराने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. किल्ल्याचे उंच तट दिसू लागले तेव्हा त्यांचा निश्चय झाला. नको ती झळाळी. नको ते निशाण. म्हणून टाकू.

तटाखालच्या कडुनिंबाच्या सावलीत मंडळी पिठलं-भाकरी खाऊन पांगली होती. बिभीषण फडक्याने आपल्या गाडीचं मडगार्ड पुसत होता. पोच्याच्या खळग्यात बोट घालून, हळुवार. जवळच दगडावर बसून पुष्पावतीबाई फोनवर बोलत होत्या.

"बाबा ना? हे काय, इथेच आहेत," त्या सांगत होत्या. "गाडी पुसतायत, दुसरं काय. देऊ का, मोनिका?"

त्यांनी फोन बिभीषणला दिला. तो दोन शब्द बोलला, हसला आणि फोन परत दिला.

सूर्यभानराव पुढे झाले.

"तुमची तुम्हाला," ते म्हणाले.

बिभीषणने वर बघितलं. नजर नितळ होती, चांगल्या शेजाऱ्याची असते तशी. "काय हो? काय म्हणालात?"

"दसऱ्याला म्हणायचं राह्यलं हुतं," सूर्यभानराव म्हणाले, आणि आपल्याच तोंडचे शब्द ऐकून थबकले.

बिभीषण फडकं झटकत हसला.

"अहो, तेव्हा म्हणालात की. तुमच्या लक्षात नसेल."

सूर्यभानरावांनी बायकोकडे बघितलं. त्यांनी पदर सावरला, परक्या माणसासमोर सावरतात तसा.

"जेवण फार छान होतं हो, भाऊ, तुमच्या गावचं," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "सावेडीला आलात की घरी या."

सूर्यभानरावांना ओरडायचं होतं. तिचं नाव घ्यायचं होतं. नाव आठवत होतं, पण दुसऱ्याच्या बायकोला नावाने हाक कशी मारायची, हे कळेना.

आबासाहेब निघायची घाई करत होते. चालत चालत ते चकचकीत गाडीपाशी आले, वाकून निशाण सोडलं आणि मागच्या, पोचा पडलेल्या गाडीला बांधलं.

"बिभीषणराव, तुमचं आपलं बरं," सूर्यभानरावांच्या खांद्यावर थाप मारून ते म्हणाले. "घर इथेच. आम्हाला अजून नगर गाठायचंय."

एकेक गाडी सुरू झाली. पुढच्या गाडीतून पुष्पावतीबाईंनी बाकीच्यांना हलवला तसाच त्यांनाही हात हलवला. वळणावर हॉर्न खोकला आणि वाजला.

धूळ खाली बसेपर्यंत ते उभे होते. मग खिशातून चावी काढली. गाडीच्या चावीबरोबर त्याच कडीत एक घराची चावी होती, जुनी, पितळी, त्यांनी कधी न बघितलेली.

ते गाडीत बसले. गावात शिरल्यावर कोणत्या गल्लीत वळायचं, हे त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही.