क्रेटेकांच्या चौथऱ्यावर दोघे

लोकांना वाटतं, हवामान कचेरीतला माणूस वारा मोजतो. टोर्नेडोत यंत्र टिकतंय कुठे? तो गेल्यावर मी जायचो आणि काय मोडलं, कसं मोडलं ते पाहायचो. छप्पर उडालं तर एक श्रेणी, भिंती पडल्या तर त्यावरची. चौथऱ्याला बोल्टांनी नीट जखडलेलं घर बुडापासून पुसलं गेलं, तर चार. त्यावर फक्त पाच. नेब्रास्कात एकोणीस वर्षं हेच केलं आणि दिलेली श्रेणी एकदाही मागे घ्यावी लागली नाही. तोरा होता मला त्याचा, आता कशाला लपवू? तो दिवा राहू दे तसाच, सांगतो.

त्या दिवशी दुपारी कचेरीत फोन आला. आदल्या दिवशी साठ मैलांवर टोर्नेडो झाला होता आणि तिकडचे फोटो, कागद विल्मा क्रेटेक नावाच्या म्हातारीच्या अंगणात पडले होते. आमच्याकडे माणसं असे कागद गोळा करून ज्याचे त्याला पोचवतात. कागद किती लांब उडाले, हे मलाही अहवालात लागतं. नवल एकच, बाईंनी माझं नाव घेऊन सांगितलं होतं, रॉस टिलमनलाच पाठवा.

दोन मैलांत दुसरं घर नव्हतं. मका घोट्याएवढा, रात्रीच्या पावसाने शेतात चिखल. वारा पडला होता आणि हवा अंगाला चिकटत होती. स्वयंपाकघरात खिडकीशी तिचा नवरा लॅडी चाकांच्या खुर्चीत बसलेला. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेली होती आणि वाचाही.

"खा आधी," विल्माने खसखस भरलेल्या गोड पावांची, कोलाच्यांची, ताटली पुढे सरकवली. "रिकाम्या पोटी वाचू नकोस."

खोक्यात लग्नाचे फोटो होते, कुणाचं तरी प्रगतिपुस्तक होतं. एक कागद मात्र तिने प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवला होता. तो माझ्या पाहणीचा फॉर्म होता. अक्षर माझं, सही माझी. तारखेचा कोपरा फाटलेला. वर पत्ता याच घराचा. 'घर समूळ नाहीसे. बोल्ट, नट जागेवर. श्रेणी ४. मृत २, चौथऱ्यावर.'

हातातला कोलाचे मी ताटलीत परत ठेवला.

"हे मी लिहिलेलं नाही."

"सही तुझीच ना?"

"माझीच... दिसतेय."

"मग लिहिशील." ती माझ्यासमोर बसली. "मला मरणाचं काही नाही रे. ऐंशीच्या पुढे आहोत. एवढंच सांग, आम्ही दोघं एकमेकांजवळ होतो ना? तळघराच्या पायऱ्या मला उतरता येतात, त्याला नाही. मी त्याला टाकून एकटी खाली गेले नव्हते ना?"

मला तिची दया आली आणि स्वतःच्या अक्षराची भीती वाटली. "दोघांना आत्ताच्या आत्ता गावात नेतो," म्हणून मी उठलो, तोच खिशातला फोन वादळाच्या इशाऱ्याने किंचाळला. मागोमाग लांबच्या गावाचा भोंगा. नैर्ऋत्येचं आभाळ शेवाळासारखं हिरवं झालं होतं. गाडीने निघण्याची वेळ टळली होती.

मी लॅडीला पाठुंगळी घेतलं. अंगणातल्या तळघराला अकरा पायऱ्या, अंधार, बटाट्यांचा आणि ओल्या मातीचा वास. त्याला बाकावर ठेवून मी वर जाऊन दार ओढलं आणि आडवा अडसर घातला.

"अडसर नको," विल्मा खालून म्हणाली. "रस्त्यावरून कुणी आलं तर?"

आमच्या मुलखात वादळात तळघराचं दार कुणाला बंद नसतं. मला काय ते नवीन होतं? पण अडसर मी काढला नाही. हे दोघे खालीच राहायला हवे होते, आयुष्यात पहिल्यांदा माझा फॉर्म चुकायला हवा होता.

कानांना दडे बसले. आणि दार वाजलं.

उडून आलेला ओंडका असा वाजत नाही. तीन थापा, मग थांबणं, पुन्हा तीन. सवयीने घड्याळाकडे नजर गेली. पाच वाजून अकरा.

"उघडा ना..." बाईचा आवाज होता, अगदी फळीला तोंड लावून. "दोघंच आहोत आम्ही..."

दोघंच. कागदावरच्या दोघांना न्यायला आले आहेत, हेच डोक्यात बसलं.

"रॉस, दार उघड."

"ते तुमच्यासाठी आलेत, मिसेस क्रेटेक..."

"कुणासाठी का येईनात. उघड."

मी दोन्ही हातांनी अडसर धरून राहिलो. खाली लॅडी चांगल्या हाताने बाकावर थापा मारत होता, बाहेरच्याच तालात. मग गर्जना आली आणि तिच्यात सगळं बुडालं.

वर आलो तेव्हा घर नव्हतं. चौथरा धुतल्यासारखा स्वच्छ, बोल्ट उभे, नट जागेवर. स्वयंपाकघर होतं तिथे दोघं पडलेली, एक तरुण आणि एक तरुणी. अंगठ्या नव्या होत्या.

तासाभराने शेरीफ हाल्वर्सन आला. मी त्याला पाच अकराच्या थापांचं सगळं सांगून टाकलं. त्याने नकारार्थी मान हलवली. "मैलभर दक्षिणेला यांची गाडी चेपलीय, सीटचे पट्टे तुटलेत. गाडीतलं घड्याळ पाच नऊला बंद पडलंय. तिथेच गेली बिचारी, वाऱ्याने इथे आणून टाकली. दार वाजवायला ती होती कुठे? मनाला लावून घेऊ नकोस."

मला इतकं हायसं वाटलं की रडू फुटलं. फॉर्म काढला आणि भरला. श्रेणी ४. मृत २, चौथऱ्यावर. पिशवीतल्या कागदाकडे पाहावंही लागलं नाही.

विल्मा मात्र त्या पोरीजवळ गुडघे टेकून बसली होती. तिने स्वतःच्या कमरेचा एप्रन सोडून त्या पोरीचे अनवाणी पाय पुसायला घेतले. मी जवळ गेलो तरी तिने वर पाहिलं नाही. पोरीच्या तळव्यांना, बोटांच्या बेचक्यांत, थेट घोट्यापर्यंत शेतातला चिखल थराथराने चढला होता.

"ही चालत आलीय, रॉस," विल्मा म्हणाली.