घड्याळवाल्या काकांचा खटका

या, जवळ सरका. आणि तो मोबाइल उपडा ठेव रे, तोंडावर उजेड पाडून भुताची गोष्ट ऐकतात का? हे माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं नाही. पण ज्याच्याबाबतीत घडलं तो माझा लंगोटीयार. धंद्याने वायरमन. वरच्या खिशात सदा टेस्टर, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणायचे. आणि थापा मारण्यात गडी पहिल्यापासून कच्चा.

नाताळच्या आधीचा शुक्रवार. रात्रीचे नऊ वाजून गेलेले. टेस्टर निघाला होता कोपऱ्यावरच्या घरी, घड्याळवाल्या काकूंकडे. तक्रार एकच. बाहेरचे दिवे रोज रात्री आपोआप बंद पडत होते.

काका घड्याळं दुरुस्त करायचे. नाताळ आला की मोठ्या बल्बच्या माळांनी सगळं घर मढवायचे. झोपण्याआधी खोकत खोकत पॅसेजमध्ये यायचे आणि माळा बंद करायला भिंतीवरचा जुना खटका अंगठ्याने दाबायचे. टक्. त्या अंगठ्यावर आडवी खाच होती, कधीतरी स्प्रिंग सुटून लागलेली. "या माळा तापतात, रात्रभर ठेवायच्या नाहीत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या वर्षी काका गेले. परगावच्या मुलाने टायमर पाठवला. अंधार पडला की दिवे लागणार, उजाडलं की विझणार.

"ते नाहीत म्हणून घर काळोखात नको रे," काकू म्हणाल्या होत्या. "आणि माळा त्यांच्याच लाव."

टेस्टरने टायमर बसवला. जुना खटका मधे येत होता, तो काढून आपल्या हत्यारांच्या पिशवीच्या कप्प्यात टाकला, चेन लावली. मागच्या दोन वायरी हातानेच पिळल्या, वर चिकटपट्टी, त्यावर कोरं झाकण. पक्का जोड उद्या करू, म्हणाला. तो उद्या काही उगवला नाही.

तर त्या रात्री काकूंनी त्याला पॅसेजमध्ये खुर्ची दिली. "मी गोळी घेऊन झोपते. मला आता तोफ डागलीस तरी ऐकू येणार नाही." त्यांची खाट त्या भिंतीच्याच पलीकडे, उशी भिंतीला टेकलेली.

टेस्टर बसला. बाहेर दिवे झगमगत होते. दहा वाजले असतील.

कुणीतरी खोकलं.

"काकू?"

काकू घोरत होत्या.

टक्.

अंधार... टायमरचा हिरवा ठिपका मात्र चालू. म्हणजे वीज येत होती. भिंतीवर तर खटकाच नव्हता. मग वाजलं काय? त्याने टायमर बंद करून पुन्हा लावला. दिवे आले. हुश्श केलं त्याने.

पुन्हा खोकला. या वेळी जवळ.

टक्.

त्यालाही हट्ट पेटला. परत लावले दिवे.

आता चपला. फरफटत... पॅसेजमधून... त्याच्या खुर्चीला वळसा घालून... त्या कोऱ्या झाकणापाशी थांबल्या.

या वेळी टक् काही वाजलं नाही. दिवे अजून चालूच.

आणि मग वास आला. जळक्या प्लॅस्टिकचा.

तो धडपडत उठला. झाकणाला हात लावला... चटका! धावत जाऊन मेन स्विच पाडला. टॉर्च तोंडात धरला, रबरी मोजे चढवले, झाकण उघडलं. चिकटपट्टी वितळलेली. पिळलेला जोड काळाठिक्कर. मागची लाकडी पट्टी कोळसा झालेली, कडेने अजून धुमसत होती. आणि पलीकडे काकूंची उशी.

तेव्हा टेस्टरला उमगलं. रोज रात्री कुणीतरी वेळेत दिवे बंद करत होतं. आणि आज तो स्वतः हट्टाने पुन्हा पुन्हा लावत होता. रडलाच तो.

मोज्यांच्याच हातांनी धुमसणारी पट्टी विझवली. मग जुना खटका परत लावायचा म्हणून पिशवी ओढली. कप्प्याची चेन लावलेलीच होती. उघडली. खटका बाहेर काढला.

त्यावर काजळीचा ठसा होता. अगदी ताजा. एका अंगठ्याचा... मधे आडवी खाच.

टेस्टरच्या हातांत मोजे होते, पोरांनो.

खटका अजून त्या पॅसेजमध्ये आहे. काकू सगळं घर लख्ख पुसतात. तेवढा खटका सोडून.