खुणेचं नाव

दुर्बिणीचा फोकस फिरवत मी चर्चच्या मनोऱ्याचं टोक शोधत होते, आणि समोर आला माशाचा डोळा.

तीसपट मोठा. गोल, ओला, माझ्याइतकाच दचकलेला.

मी मान वर केली. दार-एस-सलामच्या मासळीबाजारामागे, वाळूत, माझ्या यंत्राच्या अगदी समोर एक तरुण उभा होता. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर हातभर लांब चांगू मासा.

"अहो, जरा बाजूला व्हा. माझी रेघ अडतेय."

त्याने पायाखालची वाळू पाहिली, मग मागची, मग माझ्याकडे बघितलं. "कुठली रेघ? मला तर दिसत नाही."

"ती दिसत नसते. इथून त्या मनोऱ्यापर्यंत जाते."

तो वळला. मनोऱ्याकडे पाहून त्याचा चेहरा जरा बदलला. "असं होय... मग तुमची नि आमची रेघ एकाच मनोऱ्याची. पण आडवे तुम्ही आलायत, बाई. आम्ही नाही." आणि त्याने हनुवटीने दाखवली ती माझी इमारत. चर्चच्या मागे, क्रेनच्या सावलीत, अकराव्या मजल्यापर्यंत पोचलेली. ती सरळ वर चढते आहे की कुठे कलते आहे, हे दर आठवड्याला मोजणं हीच माझी पहिली नोकरी.

"कुठल्या तुम्ही? बोलण्यावरून इथल्या वाटत नाही."

"म्वान्झाची. सुकुमा."

"सुकुमा!" त्याने मासा धपकन वाळूत टाकला. "आणि मी इतका वेळ अहो-जाहो करतोय! अगं, मी झारामो!"

झालं. आमच्याकडे सुकुमा आणि झारामो या दोन जमातींचं नातं थट्टेचं. पणजोबांच्याही आधीपासूनचं. एकमेकांना 'म्तानी' म्हणायचं, वाट्टेल ते बोलायचं, आणि राग आला तर ज्याला आला त्याचीच चूक. मयताच्या घरीसुद्धा म्तानी येतो आणि रडणाऱ्यांना हसवून जातो.

"तरीच," मी म्हटलं. "सकाळी नऊ वाजता झारामो माणूस जागा? आज कुठे ढोल वाजणार आहेत का?"

"ढोल रात्री. तुझ्या पणजोबाला विचार. डोक्यावर ओझं घेऊन इथवर चालत आला, समुद्र बघून म्हणाला, एवढं पाणी, आणि उकडायला रताळी कुठायत?"

मला हसू आलं. यंत्रावरच्या पातळीच्या बुडबुड्याने सांगितलं की तिपाई हलली. ती मीच हलवली होती.

"नाव काय तुझं, म्तानी?"

"कबुला. पावसात जन्मलेली."

"कबुला..." त्याने नाक मुरडलं. "छप्पर गळतंय असं वाटतं. मी आपला म्तानीच म्हणेन. माझं नाव पाझी."

दर मंगळवारी मी किनाऱ्यावर जायची आणि दर मंगळवारी तो तिथे असायचा. हातात कागदात गुंडाळलेले कसाव्याच्या कंदाचे तळलेले तुकडे, वर तिखट आणि लिंबू. एकदा अचानक सर आली, तेव्हा तो कुणाची तरी छत्री घेऊन धावत आला आणि थबकला.

"कोण जास्त महाग? तू की यंत्र?"

"यंत्र."

"मग तू भीज." त्याने छत्री यंत्रावर धरली. आम्ही दोघं भिजत उभे राहिलो. त्याच्या पापणीवर एक थेंब अडकला होता, पडत नव्हता... मी त्या दिवशीचं एक माप चुकीचं लिहिलं.

"तुझ्या बापाला गायी किती लागतील गं?" त्याने विचारलं. "सुकुमा बाप म्हणे गोठा भरल्याशिवाय मुलगी देत नाही. माझ्याकडे गाय नाही. पण परवा ऑक्टोपस मिळालाय. आठ पाय. म्हणजे झाल्या ना दोन गायी?"

मी पोट धरून हसले. खोलीवर गेल्यावर मात्र हसू टिकलं नाही. तो दर वेळी काहीतरी असं बोलायचा. त्यात खरं किती? माझ्याकडे मिलिमीटर मोजायचं यंत्र होतं. हे मोजायला काहीच नव्हतं.

त्याच्या आजोबांना सगळे बाबू कोंडो म्हणत; बाबू म्हणजे आजोबाच. पातळ, काळे, उन्हात वाळवलेल्या दोरासारखे. त्यांची उलांडीची, म्हणजे बाजूला तोलाचं लाकूड बांधलेली छोटी होडी, आणि तीन किलोमीटरवर पाण्याखाली एक खडक, जिथे मासे हमखास मिळायचे. त्या खडकाची जागा ते दोन रेघांनी ओळखायचे. एका बाजूला बेटावरचं दीपगृह माडांच्या टोकाला लागलं पाहिजे. दुसऱ्या बाजूला, शहराकडे, चर्चचा मनोरा मागच्या टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीला. दोन्ही जुळलं की खाली खडक. ही खूण त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवली होती. घराबाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी रीत.

आणि मनोरा नि टाकी यांच्या मधोमध माझी इमारत वर चढत होती. आठ दिवसांना एक मजला.

"बाराव्याला टाकीची मान दिसेनाशी झाली," पाझी एका मंगळवारी म्हणाला. त्या दिवशी कसावा आणायला तो विसरला होता. "तेराव्याला डोकं. आता काहीच नाही. बाबू म्हणतात, पुरे झालं. होडी विकून टाकू."

"फोनवर जागा नोंदवून ठेव ना. पाच मीटरच्या आत सापडेल."

"नोंदवणार होतो. सांगितलं त्यांना. म्हणाले, फोन मला खडक दाखवेल, पण मी शहराकडे कधी बघू?" तो वाळूत बोटाने काहीतरी रेघोट्या ओढत होता. "साठ वर्षं त्यांनी शहर असंच बघितलंय, म्तानी. मासे धरता धरता. होडी गेली तर ते दारात बसतील. आणि दारात बसलेला कोळी किती दिवस टिकतो, ते मला माहीत आहे."

तेव्हाच मला सुचलं. रेघ कुठे जात नाही. टाकी झाकली गेली तरी रेघ तिथेच आहे, फक्त आता ती माझ्या इमारतीतून आरपार जाते. कुठून जाते, ते मी काढू शकत होते. मनोऱ्याची, टाकीची आणि इमारतीच्या प्रत्येक खांबाची जागा माझ्या वहीत होती.

"फक्त एवढं सांग," मी म्हटलं, "मनोरा टाकीच्या नेमक्या कुठे लागायचा? टाकी तीस मीटर रुंद आहे."

त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग ते नेहमीचं हसू. "सुकुमा बाईला काय सांगणार... पोटाला! टाकीच्या पोटाला. पोटाशिवाय तुम्हाला कळतं काय?"

मी वहीत लिहून घेतलं: पोट, म्हणजे मध्य.

हिशेब जमला. रेघ जिन्याच्या खिडक्यांमधून जात होती. समुद्रावरून सहज दिसेल अशी, वरपासून खालपर्यंत काळी उभी पट्टी. रविवारी आम्ही तिघं होडीत बसलो. मी टोपी घट्ट धरलेली, पाझी वल्ह्यावर, बाबू सुकाणूपाशी. मनोरा सरकत सरकत जिन्याच्या पट्टीवर आला. दीपगृह माडांना लागलं.

"इथे," मी म्हटलं.

बाबूंनी शिशाचं वजन बांधलेला दोर सोडला. तो गेला... आणि मऊ थांबला. त्यांनी तो वर ओढला. शिशाला वाळू चिकटलेली.

"पोरी, मनोरा कशावर लावलास?"

"जिन्यावर, बाबू. टाकीच्या पोटाची रेघ तिथूनच जाते."

"पोट?" म्हातारा हळूच म्हणाला. "पोट कुणी सांगितलं?"

पाझी पाण्याकडे बघत होता. "मी ते... थट्टेत. मला वाटलं तिला कळलं. नंतर सांगणार होतो..."

बाबूंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "थट्टा वाळूवर ठेवायची, हे तुला चालता येत नव्हतं तेव्हापासून सांगतोय. तिथे बायकोची थट्टा कर, माझी कर, मरणाची कर. खुणेची नाही. खुणेचं नाव घेताना हसायचं नाही." त्यांनी दोर गुंडाळला. "फिरव होडी."

परतीच्या वाटेवर पाझी वल्हं मारत राहिला. मी मनात गुणाकार करत बसले. टाकीवर पंधरा मीटरची चूक, म्हणजे खडकापाशी पंचेचाळीस. आणि खडकाची कड जेमतेम दहा मीटर रुंद. एका विनोदाचं माप.

किनाऱ्यावर उतरल्यावर मी त्याला विचारलं, "पाझी, इतके दिवस जे काही बोलत होतास माझ्याशी... त्यातलं खरं किती?"

त्याने तोंड उघडलं. ओठांचा कोपरा हलला, आणि मला कळलं काय येणार ते.

"थांब. थट्टा असेल तर नको."

त्याने तोंड मिटलं. मी वाट बघितली, यंत्र स्थिर व्हायला बघते तितकी. मग निघून आले.

पुढचा मंगळवार कोरडा गेला. मापं सगळी बरोबर आली.

नऊ दिवस झाले, म्हणजे एक मजला आणि वर एक दिवस. बांधकामाच्या फाटकापाशी रखवालदाराने मला हाक मारली. पाझी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात मासा नाही. ओळखायला एक क्षण लागला.

"टाकीचा उजवा खांदा," तो म्हणाला. शाळेत उभं राहून उत्तर द्यावं तसं. "समुद्रातून बघताना उजवा. मनोरा टाकीच्या उजव्या कडेला लागायचा. पोटाला नाही."

"बाबूंनी पाठवलं?"

"त्याच संध्याकाळी. म्हणाले, खरं सांगून ये, नाहीतर घरी येऊ नको." त्याने बुटाकडे पाहिलं. "मला नऊ दिवस लागले."

"मग नऊ दिवस राहिलास कुठे?"

"होडीत." तो हसणार होता, पण हसला नाही. "थट्टेशिवाय तुझ्याशी कसं बोलायचं, ते... मला येत नाही. दोनदा फाटकापर्यंत येऊन गेलो." आणि आणखी काही न बोलता तो वळला. नवे बूट चावत असावेत. लंगडत होता.

मी त्या दुपारी रेघ पुन्हा काढली. सहा मीटर उजवीकडे. जिना संपतो आणि लिफ्टची आंधळी भिंत सुरू होते, बरोबर त्या कडेवर.

रविवारी सकाळी समुद्र सपाट होता. मागे शहर उभं राहिलं. काचेचे, काँक्रीटचे, अर्धवट, क्रेन लागलेले मनोरे, एखाद्या आलेखातल्या उंच-बुटक्या खांबांसारखे. काय मोजलंय, ते मात्र कुणी खाली लिहिलेलं नाही. मला लाज वाटली आणि अभिमानही. त्यातला एक खांब माझा होता. सोळा मजले, आणि बारा मिलिमीटरच्या आत सरळ.

पाझीने एकही विनोद केला नाही. बाबूंनी डोळे बारीक केले.

चर्चचा मनोरा जिन्यावरून सरकला... लिफ्टच्या भिंतीकडे... कडेला कड लागली.

"थांबव," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पण वल्हं थांबलं.

बाबूंनी दोर सोडला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो माझ्या हातात दिला. दोर बोटांतून धावत गेला, आणि तळातून एक टणक, स्पष्ट 'टक्' माझ्या मनगटापर्यंत आला.

"खडक," म्हातारा म्हणाला. खूप वेळ तो शहराकडे बघत राहिला, जसं घराकडे बघतात तसं. "आता जुनं नाव चालायचं नाही. ती खूण 'टाकीचा खांदा' होती. नव्या खुणेला नाव हवं. पाझी, खूण यापुढे तुझी. ठेव तू."

पाझीने वल्हं आडवं ठेवलं.

"कबुला," तो म्हणाला.

पहिल्यांदाच. इतक्या आठवड्यांत, नाक न मुरडता, पहिल्यांदा.

"हे..." मी म्हटलं. "हे खुणेचं नाव, की..."

"आपण होडीत आहोत," तो म्हणाला. "आणि मी हसत नाहीये. बघ."

मी बघितलं. तो हसत नव्हता. हात मात्र कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं.

मला खोटं बोलता येत नाही. तो माझ्या शिक्षणाचा दोष. "पाझी, चर्चच्या शेजारी पत्र्याचं कुंपण पडलंय ना? तिथे तीस मजले होणार आहेत. मी नकाशा पाहिलाय. तीन वर्षांत ही खूणही झाकली जाईल."

बाबू गळाला आमिष लावत होते. मान वर न करता म्हणाले, "खूण जाते गं. खडक कुठे जातो?"

"मग तुला पुन्हा यावं लागेल," पाझी म्हणाला. "नवी रेघ शोधायला."

"दर तीन वर्षांनी?"

"रोज आलीस तरी..." तो अडखळला. "रोज ये, कबुला."

"वाळूवर गेल्यावर काय ती थट्टा करा," बाबू म्हणाले. "गायींचंही तिथेच बोलू. आता गप्प बसा, मासे ऐकतात."

आम्ही गप्प बसलो. त्याचा हात माझ्या हाताशेजारी येऊन टेकला, ओला आणि मिठाने खरखरीत. मी सवयीने शहराकडे पाहिलं, होडी किती वाहवली ते तपासायला. मनोरा भिंतीच्या कडेला होता. कडेला कड. आम्ही जराही सरकलो नव्हतो.